सहा तबकड्यांचा पहारा

लंकाबाई कुठलीही वस्तू डोळ्यांनी घेत नाहीत, कानांनी घेतात. देवळाली प्रवरेच्या आठवडे बाजारात त्या दिसल्या की कुंभार आपणहून माठ पालथे करून ठेवतो. बाई एकेका माठावर बोटाचं पेर वाजवणार, कान लावणार आणि मगच पुढे सरकणार, हे त्याला माहीत झालंय. कुकर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी दुकानदाराला शेगडी पेटवायला लावली आणि शिट्ट्या ऐकून घेतल्या. एक कुकर त्यांनी परत केला, कारण तो रडका होता. सून बघायला गेल्या तेव्हा पोह्यांना हात लावण्याआधी म्हणाल्या, "पोरी, तुझा भाऊ गोठ्यात हाय ना? त्याला इथूनच एक हाक मार बरं." सुकन्याने हाक मारली. भाऊ तर आलाच, शेजारचे दोघं कोण मेलं म्हणून धावत आले. लग्न तिथेच ठरलं.

ही कानाची खोड त्यांनी माहेराहून आणलेली. माहेर मिरजगावचं. तिकडे रानं मोठी, पाणी कमी, माणूस माणसापासून लांब. हाक मारायची तर माळ ओलांडून जाईल अशी मारायची. लग्न होऊन इकडे पाटाच्या पाण्याच्या मुलखात आल्या, तर इथे घराला घर लागून आणि उसाला ऊस लागून. नव्या नवरीने परसातून सासूला हाक दिली आणि अख्ख्या आळीने "ओ" दिली. सासूने कपाळाला हात लावला. पण गावच्या भजनातले त्रिंबकबुवा त्या दिवशी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, हा आवाज चुलीपाशी वाया घालवू नका, टाळाला पाठवा.

तेव्हापासून लंकाबाई गावच्या सप्ताहात उभ्या. सप्ताह म्हणजे सात दिवस नाम तुटू द्यायचं नाही आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने उभं राहून नाम घेत राहायचं. त्यालाच पहारा म्हणतात. लंकाबाईंच्या वाट्याला दुपारचा पहारा असे, जो कुणालाच नको असतो. पंगती उठलेल्या असतात, लापशी पोटात बसलेली असते आणि सगळा मांडव घोरत असतो. त्या घोरण्याच्या वर आपला आवाज ठेवून एकटीने देवाला जागं ठेवायचं. लंकाबाईंना हाच पहारा आवडायचा. बाकीच्या वेळी देवाभोवती फार गर्दी असते, असं त्यांचं म्हणणं.

पुढे गुडघे गेले. गेल्या सप्ताहात उभं राहवेना म्हणून त्यांनी मांडवाच्या बांबूला जरा पाठ टेकवली. लंकाबाई काही हलक्या अंगाच्या नाहीत. बांबू सरकला, कोपऱ्याचं कापड खाली आलं आणि झोपलेली सगळी मंडळी त्यात गुंडाळली गेली. आत कोण कुणाला लाथा घालतंय ते कळेना. लंकाबाईंनी मात्र वीणा वर धरली आणि नाम सोडलं नाही. पण त्या गुंडाळलेल्या मंडळींत बजरंगराव होते.

बजरंगराव म्हणजे लंकाबाईंचे चुलत दीर आणि सप्ताह समितीचे अध्यक्ष. माणूस सरळ, पण नियमाला लोखंडासारखा. यंदा आषाढ लागल्यावर ते घरी आले, चहा घेतला, आणि दुपारचा पहारा दुसऱ्या कुणाला तरी दिल्याचं सांगितलं. लंकाबाई म्हणाल्या, उभं राहवत नाही हे खरं, पण गळा कुठं गेलाय? मला एक खुर्ची द्या. बजरंगरावांना ते ऐकवलं नाही. वीणेला खुर्ची दिली तर उद्या कोणी उशी मागेल आणि परवा पंखा.

"वहिनी, आता तुमी घरीच बसून नाम घ्या," ते म्हणाले. "घरी कोन बघतंय, बसलात का आडव्या झालात."

"घरातलं देवाला दिसत न्हाई व्हय, भाऊजी?"

"दिसतं. पन घरात नाम टिकतंय कुठं? कुकर बोंबलतो, फोन वाजतो, मान्सं भांडत्यात. तुटतंच."

"माझ्या घरात न्हाई तुटायचं."

हे बोलून झालं आणि मग लंकाबाईंना कळलं की आपण काय बोललो. ओट्यावर शेंगा फोडत बसलेले त्यांचे यजमान सहादेवराव यांनी एक शेंग फोडायची तशीच ठेवली. पण तोंडातून गेलेला शब्द आणि पाटातून गेलेलं पाणी मागे येत नाही. बजरंगरावांनी तिथेच बोली केली. आषाढ सरता सरता घरात सात दिवस, काकड्यापासून शेजारतीपर्यंत, नाम चालू ठेवायचं. रात्री देवही निजतो, तेव्हा रात्रीची सूट. सात दिवसांत नाम एकदाही तुटलं नाही तर श्रावणात खुर्ची मिळेल. तुटलं तर पहाऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

आता घरात माणसं तीन. मुलगा नाशिकला नोकरीला. सहादेवराव कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांना शेतीचं पाहायचं असतं. सुकन्या इथेच राहून मोबाईलवर साड्या विकते. एकट्या लंकाबाईंनी दिवसभर गायचं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गळा बसणार. पण त्यांच्याकडे त्रिंबकबुवा होते. म्हणजे बुवा देवाघरी गेलेले, पण जायच्या आधी शिष्यांनी त्यांचं भजन नगरला नेऊन सीडीवर भरून घेतलं होतं आणि पुण्यतिथीला प्रसादाबरोबर वाटलं होतं. लोकांनी लाडू खाल्ले आणि सीड्या चिमण्यांना घाबरवायला शेतात बांधल्या. लंकाबाईंनी मात्र आपल्या जपून ठेवल्या होत्या. बुवा दोन अभंगांच्या मधेही गजर चालू ठेवायचे, त्यामुळे एक तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग.

सुकन्या म्हणाली, आई, सीडी कशाला, मोबाईलवर सगळं मिळतं. तिने लावूनही दाखवलं. नामाचा गजर मस्त रंगात आला आणि मधेच एक बाई केस गळायचे थांबवणारं तेल घेऊन आली. ती गेली तर बँकेचा फोन आला. लंकाबाईंनी मोबाईल सुनेच्या हातात परत दिला. घरातलं जुनं सीडीचं यंत्र होतं, पण त्यात एकच तबकडी बसायची, आणि दर वेळी ती बदलायला उठायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. तेव्हा ठरलं, एकदम पुष्कळ तबकड्या पोटात घेणारं यंत्र आणायचं. तशी आता नवीन कोणी करत नाही. पण राहुरीत रशीदभाई होते.

रशीदभाईंचं दुकान बसस्टँडच्या मागे. लोक घरातून काढून टाकलेले टेप, रेडिओ, मोठमोठे स्पीकर त्यांना देऊन जातात आणि ते त्यांना पुन्हा बोलते करतात. लंकाबाई आणि सहादेवराव गेले तेव्हा त्यांनी दोघांना स्टुलं दिली आणि सांगितलं की हल्ली असल्या मालाला दोनच गिऱ्हाईकं येतात. एक, ज्यांना जुनं आवडतं. दुसरं, ज्यांना नवं चालवता येत नाही. मावशी यातल्या कुठल्या?

"मी तिसरी," लंकाबाई म्हणाल्या. "मी पैजेची."

रशीदभाईंना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी चहा मागवला, सगळी हकिगत काढून घेतली आणि मग कामाचं बोलले. असलं यंत्र घेताना सगळ्या खणांत तबकड्या भरून बघायच्या, एखादाच खण हट्टी असतो. आणि चांगली तबकडी लावून परीक्षा करायची नाही, घरातली सगळ्यात वाईट आणायची. जे यंत्र चरे पडलेली तबकडी न अडखळता वाचतं त्याची नजर चांगली. लंकाबाईंनी पिशवीतून अशीच एक काढली. तिच्यावर सहादेवरावांनी काही महिने चहाचा कप ठेवला होता. सहादेवराव बाहेर रस्त्याकडे बघू लागले.

पहिलं यंत्र रशीदभाईंनी लावलं ते दिव्यांचं. निळे, लाल, नाचणारे दिवे आणि आवाज असा की बरण्यांतले खिळे हलले. लंकाबाईंनी दुकानातला पंखा बंद करायला लावला, कारण त्याची सूं सूं मधे येत होती. मग थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, हा मृदंग नाही, टेम्पोतून कुणीतरी पोती खाली टाकतंय.

दुसरं यंत्र चपटं होतं. त्याचं तोंड उघडलं की आत जत्रेतल्या पाळण्यासारखी गोल फिरणारी थाळी आणि तिच्यावर पाच तबकड्यांची जागा. एक संपली की थाळी गर्रकन फिरे आणि दुसरी सुरू. मधला खंड इतका लहान की एक श्वास घ्यावा आणि सोडावा. सहादेवराव स्टुलावरून उठलेच. हेच घ्या, पैज जिंकलीच म्हणून समजा. चहाच्या कपवाली तबकडीसुद्धा त्याने वाचली. पण लंकाबाईंचा चेहरा काही खुलेना. टाळ वाजत होते ते मोरीत वाटी पडावी तसे. आणि बुवा गात होते, पण जणू बुवांना पडसं झालंय आणि कुणीतरी त्यांना डब्यात बसवलंय.

"दुसरं काय हाय?"

रशीदभाई जरा घुटमळले. मग त्यांनी वरच्या फळीवरून एक काळी, जड पेटी उतरवली. दिवे नाहीत, नाच नाही. तिच्यात एक खणाखणांची डबी सरकवायची, त्या डबीत सहा तबकड्या एकावर एक. कुणा डॉक्टरांच्या घरातून आलेली होती. त्यांनी तिला दोन लाकडी स्पीकर जोडले, बुवांच्या तबकड्या भरल्या आणि बटण दाबलं.

टाळ वाजले ते काशाचे. मृदंगावर बोट पडलं ते बोटच होतं, त्याखालचं कातडं कळत होतं. मग बुवांनी उंच स्वर घेण्याआधी श्वास भरला आणि तो भरलेला श्वास ऐकू आला. लंकाबाईंनी पदर सावरला. बुवा गाताना गालात लवंग ठेवायचे आणि ती या गालातून त्या गालात करायचे. तो एवढासा चुट् आवाजसुद्धा त्या पेटीतून आला. लंकाबाईंनी नकळत हात जोडले.

तबकडी संपली. आणि पेटी खर्रर्र करू लागली. तिने आत कुठेतरी पहिली तबकडी उचलून खणात ठेवली, थोडा विचार केला, टक् केलं, दुसरी काढली, पुन्हा खर्रर्र. एवढ्या वेळात चुलीवरचं दूध उतू जाईल. रशीदभाईंनी खरं ते सांगितलं: मावशी, हे यंत्र म्हातारं आहे, एकेक काम सावकाश करतं, याला घाई करता येत नाही.

सहादेवराव हळू आवाजात समजावू लागले. आवाज चांगला आहे, कबूल. पण पैज आवाजाची नाही, न तुटण्याची आहे. या पेटीत नाम दिवसातून कितीतरी वेळा तुटणार. पडसं तर पडसं, सात दिवस चालवून घ्यायचं. लंकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"पैज आठवड्याची हाय अन् बुवा जन्माचे," त्या म्हणाल्या. "रशीदभाई, काळी बांधा."

येताना रिक्षात त्यांनी पेटी मांडीवर घेतली होती. मग कारखान्याच्या फाट्यापाशी त्यांच्या ओठांच्या एका कोपऱ्यात हसू फुटलं. सहादेवरावांनी ते पाहिलं आणि रिक्षाची दांडी घट्ट धरली. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं. मागे हे आलं होतं तेव्हा घरात गाईऐवजी म्हैस आली होती.

पैजेच्या पहिल्या सकाळी लंकाबाईंनी घराला नियम सांगितला. पेटीने खर्रर्र केलं की जो जवळ असेल त्याने तोंड उघडायचं, आणि बुवा पुन्हा सुरू होईपर्यंत विठ्ठल विठ्ठल चालू ठेवायचं. हातात काय आहे, तोंडात काय आहे, फोनवर कोण आहे, चालणार नाही. सहादेवरावांनी विचारलं, हे बजरंगला चालेल का? लंकाबाई म्हणाल्या, भाऊजी म्हणाले नाम तुटू नये. कुणाच्या तोंडून, ते कुठं म्हणाले?

पहिले सापडले रशीदभाई. स्पीकर भिंतीला नीट लावून द्यायला ते आले होते. स्टुलावर चढून तारा जोडत असताना पेटीने खर्रर्र केलं. लंकाबाई स्वयंपाकघरात, सहादेवराव मागच्या दारी. रशीदभाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातातला पेचकस स्पीकरच्या लाकडावर धरून भजनाचा ठेका धरला, तो आतूनच गजर उचललेल्या लंकाबाई पीठ भरल्या हातांनी बाहेर येईपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर म्हणाले, मावशी, तुमच्या पेटीत मलाच सातवी तबकडी केलं की. लंकाबाईंनी त्यांना शिरा खाऊ घातला आणि सांगितलं की ठेका जरा पळत होता.

मग सगळ्यांचीच फजिती सुरू झाली. सहादेवराव अर्ध्या गालाला साबण लावलेले गाऊ लागले आणि साबण खाऊन बसले. एकदा शेजाऱ्याच्या शेळीने त्यांची कोथिंबीर फस्त केली म्हणून कुंपणावरून चांगलंच जुंपलं होतं. शेजाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला त्यांनी तोंड उघडलं आणि घरातून खर्रर्र ऐकू आलं. हात तसाच वर उगारलेला ठेवून ते विठ्ठल विठ्ठल म्हणू लागले. शेजाऱ्याने आधी वेड लागलं असं धरलं, मग त्याचेही हात जोडले गेले, आणि संध्याकाळी त्याच्या घरून कोथिंबिरीची जुडी आली. सुकन्याचं तर दुकानच रंगलं. ती मोबाईलसमोर साडी उलगडून पदर दाखवत असे आणि मधेच पदर हातात धरून गजर लावत असे. बघणाऱ्या बायकांनी खाली रामकृष्णहरी लिहिलं. एकीने विचारलं की हे भजन साडीबरोबर फुकट आहे का.

बजरंगराव गप्प बसणारे नव्हतेच. ते रोज वेगळ्या वेळी येत. कधी पंचांग मागायला, कधी वर्गणीचं विचारायला. येत आणि चप्पल दारात काढून कान देऊन उभे राहत. नाम चालूच असे. पण कानाने तेही कच्चे नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी लंकाबाईंना समोर बसवलं.

"वहिनी, बुवांच्या भजनात बाईचा आवाज कुठून आला?"

"टाळकरी असतील."

"टाळकरी 'घरपोच फुकट' म्हनत्यात?"

सुकन्या आत पळाली. लंकाबाईंनी मग लपवलं नाही. पेटी मधे थांबते, तेवढं आम्ही सांभाळतो, म्हणाल्या. बजरंगरावांच्या डोक्यात तो प्रकार नीट बसायला वेळ लागला. बसला तेव्हा ते मोठ्याने हसले आणि मग गंभीर झाले. हे ठिगळ लावलेलं नाम आहे, म्हणाले. अखंड लुगडं वेगळं आणि ठिगळाचं वेगळं. साबणाच्या तोंडाने आणि साड्या विकताना घेतलेलं नाम मी समितीपुढे धरणार नाही. सातही दिवस असेच काढलेत तरी खुर्ची विसरा.

त्या रात्री शेजारती झाल्यावर लंकाबाई देवापुढे जरा जास्त वेळ बसल्या. देवाशी त्यांचं बोलणं मोठं नसतं. तुला ठिगळ चालतं का, एवढंच त्यांनी विचारलं असेल. उत्तर काय आलं ते कुणाला ठाऊक. पण सहादेवरावांना मात्र अंथरुणावरून त्यांच्या पाठीकडे बघून वाईट वाटलं. दुपारच्या त्या घोरणाऱ्या मांडवात बायकोचा आवाज एकटा फिरायचा, तो यंदा नसणार. त्यांनी म्हणून पाहिलं की मी बजरंगशी बोलतो, त्याचा मोठा भाऊ आहे मी. लंकाबाई म्हणाल्या, नको. अशी मागून खुर्ची मिळेल, पण मान मिळणार नाही.

सातव्या दिवशी दुपारी सहादेवराव पाटाच्या पाण्याची पाळी म्हणून रानात गेले. सुकन्या साड्यांची पार्सलं टाकायला गेली. लंकाबाई खिडकीशी बसून वाती वळत होत्या. बुवांचा शेवटचा अभंग चालू होता, म्हणजे थोड्याच वेळात पेटी खर्रर्र करणार. तेवढ्यात वळणावर बजरंगरावांचं पांढरं धोतर दिसलं.

लंकाबाईंनी वाती बाजूला ठेवल्या, कमरेची मिश्रीची डबी काढली आणि भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड चांगली बोटभर घेऊन दातांवर फिरवायला लागल्या. मिश्री लावायची त्यांची वेळ सकाळची, उठल्याउठल्या. दुपारी त्यांना कधी कुणी मिश्री लावताना पाहिलं नव्हतं.

बजरंगराव आत आले. घरात दुसरं कोणी नाही हे पाहिलं. लंकाबाईंच्या गालाचा फुगा पाहिला. मिश्री तोंडात असताना माणूस हुंकारापलीकडे काही बोलू शकत नाही, हे गावात लहान पोरालाही कळतं. त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. ते पेटीसमोर मांडी घालून बसले, हाताची घडी घातली आणि वाट बघू लागले. लंकाबाईंनी हाताने खुणावलं, पाणी हवं का? त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ते फार खुशीत होते.

आणि मग ते ऐकू लागले, कारण वाट बघताना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. इतके दिवस ते दारात उभे राहून फक्त नाम तुटतंय का तेवढं ऐकत होते. आज पेटी हातभर अंतरावर होती. टाळ काशाचे होते. बुवांनी लवंग या गालातून त्या गालात केली. बजरंगरावांची हाताची घडी सुटली.

बजरंगराव जन्मभर बुवांच्या उजव्या हाताला उभे राहिलेले. बुवांनी चाल वर न्यायची, शेवटच्या गजराआधी श्वास भरायचा आणि बजरंगरावांच्या खांद्याला हात लावायचा. मग बुवा थांबायचे आणि पुढचा गजर बजरंगराव उचलायचे. आता पेटीतल्या बुवांनी चाल वर नेली. श्वास भरला. तो भरलेला श्वास बजरंगरावांनी ऐकला आणि त्यांचा उजवा खांदा आपोआप थोडा खाली आला.

बुवा थांबले. पेटीने खर्रर्र करायच्या आतच बजरंगरावांनी गजर उचलला होता.

डोळे मिटलेले, मान वर, टाळ नसतानाही हात टाळाचे. पेटीने आपली तबकडी ठेवली, विचार केला, टक् केलं, दुसरी काढली. बजरंगरावांना त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या तबकडीवर बुवा पुन्हा सुरू झाले तरी ते गातच होते, आणि गुरुशिष्य दोघं बरोबर चालले. लंकाबाई उठल्या, मागच्या दारी जाऊन चूळ भरली, तोंड स्वच्छ धुतलं आणि येऊन त्याही टाळ्या वाजवत बसल्या. दोन अभंग असेच झाले. तिसऱ्याला बजरंगरावांचे डोळे उघडले.

त्यांनी पेटीकडे पाहिलं. मग लंकाबाईंकडे. मग लंकाबाईंच्या धुतलेल्या तोंडाकडे.

"भाऊजी," लंकाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मधे पेटी थांबली हुती. तुमीच सांगा, नाम तुटलं का?"

तुटलं म्हणावं तर आत्ता जे आपण घेतलं ते नाम नव्हतं असं होत होतं, आणि तेही बुवांच्या साक्षीने. नाही तुटलं म्हणावं तर ठिगळाचं काय? बजरंगराव बराच वेळ धोतराचा सोगा नीट करत राहिले. लंकाबाईंनी घाई केली नाही. चहा ठेवला, आलं जरा जास्त ठेचलं. चहा पिऊन झाल्यावर ते उठले, चपलेत पाय घातले आणि पाठ फिरवूनच बोलले.

"खुर्ची बिनहाताची घ्या. हाताच्या खुर्चीत वीना अडकती."

श्रावणात सप्ताह बसला. दुपारी पंगती उठल्या, मांडव घोरायला लागला आणि लंकाबाई मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीवर, गळ्यात वीणा घेऊन, बसल्या. काही म्हाताऱ्या मंडळींनी एक डोळा उघडून खुर्चीकडे पाहिलं. कुणी कुजबुजलं, कुणी नाक मुरडलं. लंकाबाईंचा आवाज त्या सगळ्यांच्या वरून नेहमीसारखा निघून गेला. बसल्यामुळे उलट तो जरा जास्तच लांब गेला म्हणे, पाटापलीकडे.

त्यांच्यानंतरचा पहारा बजरंगरावांचा होता. लंकाबाई खुर्चीला धरून उठल्या, नाम न तोडता वीणा काढली आणि दिरांच्या गळ्यात घातली. वीणेच्या पाया पडल्या, बाजूला झाल्या आणि खुर्ची उचलायला वाकल्या. बजरंगरावांनी नाम घेत घेतच एका हाताने नको अशी खूण केली. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, झोपलेला मांडव एकदा नजरेखालून घातला, आणि कमरेवर हात ठेवून हळूच खुर्चीवर टेकले.